दाराकडं कललेली हंडी

बाळासो चौगल्यानं एका सकाळी सात दात काढून घेतले. गणपती बारा दिवसांवर आलेले, परड्यातल्या छपरात काचेची भट्टी अष्टौप्रहर पेटलेली, आणि हा गडी गालाला टॉवेल लावून, तोंडात कापसाचे बोळे धरून घरी आला.

कुणी बळजबरी केली नव्हती. गावच्या शाळेत दातांचं मोफत शिबीर होतं. बाळासो गेला होता एक दाढ दाखवायला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की पुढचे तीन आणि उजव्या अंगाचे चार दात तंबाखूनं खिळखिळे झालेत, सावकाश एकेक काढू. "आज काढलं तर पैसं किती?" बाळासोनं विचारलं. आज सगळंच मोफत, असं उत्तर आलं. मग काय बघता! फुकट ते पौष्टिक. बाई नको नको म्हणत असताना यानं सातही दात शिबिराला वाहून टाकले.

शालूबाई, त्याची बायको, तेव्हा छपरात राखेच्या खड्ड्याशी उकिडवी बसली होती. भट्टीतून आलेली काच उघड्यावर निवली तर तडकते, म्हणून ती गरम राखेत पुरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उकरून काढायची, हे काम गेली तीस वर्षं तिचं. तिनं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं.

"काय झालं वो?"

"दात काढलं," तो बोळ्याआडून म्हणाला.

"किती?"

बाळासोनं एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली.

शालूबाईनं राखेचाच हात कपाळावर मारून घेतला. "अवो, आता फुंकणार कशानं? कानानं?"

हा विचार बाळासोला आत्ता पहिल्यांदाच सुचला, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. तो भट्टीकडं बघत राहिला. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या लोखंडी नळीकडं बघितलं, आणि टॉवेल जरा जास्तच घट्ट दाबून धरला.

चौगल्यांचं घर कळंब्याच्या तळ्यापासून पुढं, डांबरी सडक संपते तिथं. दीड एकर ऊस, दोन म्हशी आणि ही भट्टी. बाळासोचे वडील तात्या तरुणपणी एका काचकारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यावर बाकीचे लोक हिशेब घेऊन घरी गेले, तात्या साडेचार फुटांची नळी खांद्यावर टाकून आले. परड्यात त्यांनी भट्टी बांधली, फुटक्या बाटल्या गोळा करून वितळवल्या आणि दिवे करायला सुरुवात केली. गोल दिवे, लांबट दिवे, कमळाचे दिवे, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे साखळ्यांनी टांगायची मोठी हंडी. आता लाकडाच्या जागी गॅस आला, तेलाच्या वातीच्या जागी बल्ब आला. सून स्नेहल मोबाईलवर फोटो टाकते, आणि पुण्या-बेंगळूरच्या हॉटेलवाल्यांच्या मागण्या येतात. घर सुखानं चाललेलं. यंदाची गोष्ट तेवढी वेगळी होती.

शिवाजी पेठेतल्या एका तालमीत तात्यांच्या हातच्या दोन हंड्या टांगलेल्या होत्या. तालमीच्या पंचाहत्तरीला त्यांनी स्वतः नेऊन दिलेल्या. गेल्या हंगामात तालमीच्या संघानं फुटबॉलची मॅच मारली, पोरं नाचत आत आली, कुणीतरी आनंदाच्या भरात बॉल उडवला आणि एका हंडीचा चुरा झाला. तात्यांचं बाकीचं सगळं काम कधीच फुटून गेलं होतं. त्यांच्या हातची म्हणून जगात आता एवढी एकच हंडी उरली होती. तालमीला रंग द्यायचा म्हणून ती उतरवली, तेव्हा तालमीचा सेक्रेटरी मोहित ती गोधडीत गुंडाळून बाळासोकडं घेऊन आला होता. हिच्या जोडीची दुसरी करून द्या, असं त्याचं सांगणं.

ती हंडी छपराच्या तुळईला टांगलेली होती आणि बाळासो महिनाभर तिच्याकडं बघून झुरत होता. कारण ती सरळ नव्हती. तिचं पोट गळ्याच्या खाली मधोमध येत नसे. एका अंगाला किंचित कललेलं होतं. तात्यांनी दोन्ही हंड्या अशा टांगल्या होत्या की दोघींचं कलणं दाराकडं, कोण आलं ते बघायला वाकल्यागत. बाळासोनं तीन हंड्या फुंकल्या. तिन्ही देखण्या आणि तिन्ही सरळसोट. चौथी त्यानं मुद्दाम चिमट्यानं दाबून कलवली, तर ती मार लागल्यासारखी दिसायला लागली. स्नेहलनं ती बघून सासऱ्याला हळूच म्हटलं होतं, "मामा, ही पडल्यागत दिसाय लागलीया."

दात काढल्याच्या तिसऱ्या दिवशी मोहित आला. पस्तिशीचा, तालमीत कसलेला, आवाज मात्र सगळ्या पेठेला ऐकू जाईल एवढा. बाळासो म्हशीच्या गोठ्यात होता. त्यानं टॉवेल तोंडावर ओढून घेतला आणि तसाच बाहेर आला.

"बाळासोकाका, झाली का न्हाय जोडी?"

"हुतीया," टॉवेलमधून आवाज आला.

"तोंडाला काय झालंय?"

बाळासोनं शालूबाईकडं बघितलं. शेवटी शालूबाईच म्हणाली, "दात काढल्यात सात. फुकट हुतं."

मोहित आधी हसला, मग भट्टीकडं बघून त्याचं हसू थांबलं. फुंकणाऱ्याचं तोंड म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं. "काका, राग मानू नगासा. कमिटीत ठराव झालाय. रविवारी सगळी आरास टांगायची. जोडी झाली तर दोन्ही लावू. न्हाय झाली तर दोन्ही बाजूला नवी एलईडीची झुंबरं लावायची आन् ही एकटी माळ्यावर ठेवायची. एका बाजूला हंडी, एका बाजूला झुंबर, असं बरं दिसत न्हाय म्हणत्यात."

"माळ्यावर?" बाळासोनं टॉवेल खाली केला. आत गेलेला ओठ आणि सुजलेली उजवी बाजू मोहितच्या पुढ्यात आली. मोहितनं पटकन मान दुसरीकडं वळवली, आणि ते बघून बाळासोनं टॉवेल परत वर ओढला.

"वस्ताद काय म्हणत्यात?" शालूबाईनं विचारलं.

"हिंदुराव वस्ताद एकटंच भांडलं. तात्याची हंडी माळ्यावर गेली तर मीबी तालमीत पाय ठेवत न्हाय म्हणालं. पर त्यांचं वय पंच्याऐंशी, काकी. पोरं ऐकून घेत्यात आन् करायचं ते करत्यात."

मोहित गेल्यावर बाळासो बराच वेळ तुळईखाली उभा राहिला. "माळ्यावर गेली म्हंजे फुटलीच की गं," तो म्हणाला. "दांडपट्टं, ढोल, भालं, सगळं तिथंच फेकत्यात."

"मग माळ्यावर जाऊ द्यायची न्हाय," शालूबाई म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की ती जास्त जोरात बोलत असे. "सूज उतरू द्या. गुळण्या करा. आन् ती तंबाखूची पुडी हिकडं द्या आधी."

भट्टी बंद करायची सोय नव्हती. काच जिच्यात वितळते ती मातीची मूस एकदा निवली की तडकते. मग नवी मूस, नवी तापवणी, आठ दिवस गेले. म्हणून सूज उतरेपर्यंत दोघी सासूसुनांनी भट्टी सांभाळली. श्रावणाची पिरपिर चालू होती. पत्र्याच्या कडेनं पाणी आत उडत होतं, आणि भट्टीपुढं उभं राहिलं की पोटाला आच अन् पाठीला गारठा. स्नेहल बाटल्या फोडून मुशीत टाकायची. जुन्या हंडीला फिकट हिरवा रंग होता, गोटी सोड्याच्या बाटल्यांचा. तसल्या बाटल्यांचं अख्खं पोतं तिनं जोतिबाच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून पैदा केलं होतं. शालूबाई राख चाळायची, ओल आलेली राख वेगळी करायची, कारण ओल्या राखेचा एक खडा काचेला लागला की काम संपलं.

चौथ्या दिवशी स्नेहल म्हणाली, "आत्ती, आपुन फुंकून बघूया का? मी खोखो खेळलीया शाळेत. दम हाय माझ्यात."

"बघ की. तुला कुणी धरलंय?"

बाळासो खाटेवर बसून हातवाऱ्यांनी सांगत होता. नळी मुशीत घाल, फिरव, रस घे, थांबू नको, फिरव, फिरव! स्नेहलनं गाल फुगवून सगळा दम एकदम सोडला. नळीच्या टोकाला लालभडक काच एका बाजूनं फुगली, दुसऱ्या बाजूनं तशीच जाड राहिली. निवल्यावर तिचं रताळं झालं होतं.

मग शालूबाईनं पदर खोचला. जन्मभर चुलीत फुंकलेलं, तिला वाटलं यात काय विशेष. पण चुलीला फुंकर जोरात लागते, काचेला धीरात. तिचा कांदा झाला, वर शेंडा आलेला.

"माझा कांदा, तुझं रताळं. चल, बाजारात बसू," शालूबाई म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. बाळासोही हसला, पण टॉवेलाच्या आत. स्नेहलनं तो कांदा फेकू दिला नाही. त्यात बल्ब बसवून गोठ्याच्या दाराला टांगला. म्हशींना तो आवडला असावा, असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं.

शुक्रवारी सकाळी बाळासोनं नळी हातात घेतली. सूज उतरली होती. त्यानं नळीला नमस्कार केला, मुशीतून रस उचलला, लोखंडी पाटावर गोल फिरवून घेतला आणि नळी तोंडाला लावली. रोजच्यासारखी, मधोमध. पण मधोमध आता ओठाला मागून आधारच नव्हता. ओठ आत गेला, नळी हिरडीवर आदळली, आणि हवा दोन्ही बाजूंनी फसफसत बाहेर आली. नळीवरून लाळ ओघळली. त्यानं पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला काच नळीवरून लोंबून खाली धुळीत पडली आणि काळी पडत गेली.

तीस वर्षांचा हात, आणि काच मातीत. बाळासोनं कुणाकडं बघितलं नाही. नळी भिंतीला लावून ठेवली, लाळ टॉवेलानं पुसली आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पुढ्यात बसला. स्नेहल काहीतरी बोलणार होती, शालूबाईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुपारी शालूबाईनं भाकरी दुधात कुस्करून वाडगा त्याच्यापुढं नेऊन ठेवला आणि स्वतः गव्हाणीच्या कडेला टेकली. तिला नवऱ्याचा राग आला होता, आणि मायाही तितकीच आली होती, आणि दोन्हींचं काय करावं हे कळत नव्हतं. म्हणून ती तो खाताना बघत बसली.

बाळासोनं घास घेतला. जिभेनं तो डावीकडं सरकवला, मान जराशी डाव्या खांद्यावर टाकली आणि डाव्या दाढांनी चावायला लागला. डावा गाल भरलेला, उजवा आत ओढलेला.

शालूबाई पुढं वाकून बघायला लागली. तेहेतीस वर्षांपूर्वी नव्या नवरीनं असाच वाडगा असाच कुणाच्या तरी पुढं ठेवला होता. भाकरी बारीक कुस्कर पोरी, माझी उजवीकडची गिरणी बंद हाय, असं म्हणणारा आवाज तिला जसाच्या तसा आठवला.

"अवो," ती म्हणाली, "मामंजींचं उजवीकडचं दात न्हवतं."

"म्हातारपणी कुणाचं असत्यात?"

"म्हातारपणी न्हवं. मी लगीन होऊन आले तवाच न्हवतं. त्या वर्षीच तालमीच्या हंड्या केल्या त्यांनी. तुमी तवा दुधाच्या टँकरवर हुतासा, आठ आठ दिवस घरी न्हाय. मी भट्टीवर चटणी-भाकरी घिऊन यायची. ते नळी अशी मधी धरत न्हवतं. अशी धरायचं." तिनं बोट डाव्या ओठाच्या कोपऱ्याला लावलं आणि मान कलती केली. "आन् तोंड वाकडं करून एका डोळ्यानं बघायचं. मला हसू यायचं, पर सासरा म्हणून मी पदर तोंडात घालायची."

बाळासोचा घास तोंडातच राहिला. त्याला तात्यांनी शिकवलं होतं ते दहा-बारा वर्षांचा असताना, तात्यांच्या तोंडात बत्तीस दात होते तेव्हा. मध्ये टँकरवरची वर्षं गेली. तो परत आला तेव्हा तात्या खाटेला खिळलेले होते.

"हे आधी का बोलली न्हाईस?"

"मला तरी कुठं ठावं की कलायचं कारण तोंडात हाय!"

वाडगा तसाच राहिला. म्हशीनं मान लांब करून त्याचा समाचार घेतला, पण तिला कुणी हटकलं नाही.

बाळासोनं नळी डाव्या कोपऱ्यात धरली. तिथं दात शाबूत होते, ओठ घट्ट बसला. पण नळी कोपऱ्यात गेली की मान आपसूक कलते, आणि मान कलली की समोरची काच तिरकीच दिसते. सरळ वाटते ती सरळ नसते, आणि हातही त्याच अंदाजानं फिरतात. बाळासोनं सरळच हंडी करायला घेतली होती. शालूबाई समोर उभी होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत काच फुगत गेली, मोठी झाली, फिरता फिरता तिचं पोट एका अंगाला किंचित उतरलं. तुळईवरच्या हंडीकडं बघायची गरजसुद्धा पडली नाही. समोर मान कलती करून, एका डोळ्यानं बघत फुंकणारा माणूस कोण आहे, तेच तिला क्षणभर कळेना.

"आत्ती, राख!" स्नेहल ओरडली.

शालूबाई भानावर आली. दोघींनी हंडी अलगद राखेत उतरवली, वर राख पसरली, त्यावर पोती. पाऊस वाढला होता. पत्र्यातून एक थेंब खड्ड्याच्या अगदी जवळ पडला, तर बाळासोनं डोक्यावरचं इरलं काढून खड्ड्यावर धरलं आणि स्वतः भिजत उभा राहिला.

"अवो, बादली ठेवते की मी. तुमी काय खांब हाय व्हय?"

"बादली येईस्तवर," तो म्हणाला आणि हलला नाही.

शनिवारी दुपारी शालूबाईनं राख उकरली. बोटं आधी गळ्याला लागली, मग पोटाला. तडा नव्हता. तिनं फडक्यानं पुसून ती तुळईवरून उतरवलेल्या जुन्या हंडीशेजारी पोत्यावर ठेवली. तिघंही बघत राहिले. पोट तेवढंच उतरलेलं, हिरवी झाकही तीच. "मामा, जुनी कंची ओ?" स्नेहलनं विचारलं, आणि बाळासोला हंडी उलटी करून बुडावरची तात्यांची खूण बघावी लागली.

रविवारी तिघंही पेठेत गेले. तालमीला नवा रंग लागला होता, तांबड्या मातीत तेल-ताक घालून ती मळलेली होती आणि सगळीकडं तिचा वास भरला होता. बाळासो टॉवेल तोंडाशी धरूनच आत गेला. पोरांनी विचारलं, "काका, सर्दी झाली काय?" त्यानं मान डोलावली.

मोहितनं बुडाची खूण बघून घेतली आणि शिडीवर चढून दोन्ही हंड्या टांगल्या. बाळासो खालून हातानं दाखवत होता. फिरव, अजून फिरव, दाराकडं. बस्स. बल्ब लागले. मोहित खाली उतरला, मागं सरकला आणि बघत राहिला.

"नाद खुळा, काका!" तो म्हणाला. "माळ्याचं नाव काढत न्हाय आता कोण."

तेवढ्यात हिंदुराव वस्ताद आले. काठी टेकत, एका पैलवानाच्या खांद्यावर हात ठेवून. दारातच थांबले. दोन्ही हंड्या त्यांच्याकडं वाकून बघत होत्या. वस्तादांनी डोळ्यांवर आडवा हात धरला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग काठी पैलवानाकडं देऊन एका हंडीला दोन्ही हात जोडले.

"हा तात्याचा हात," ते म्हणाले. "हजारात वळखीन. बाळासो, तू बी चांगली केलीस रं. पर ही ती हीच."

हात जोडले होते ते नव्या हंडीला.

मोहितनं तोंड उघडलं. शालूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते लगेच मिटलं. स्नेहलनं ओढणी तोंडात घातली. बाळासोनं मात्र हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही. टॉवेल हातातून सुटला आणि तो हसला. सगळ्या तालमीपुढं, तोंड उघडून, पुढचं भगदाड आणि उजवीकडची रिकामी हिरडी दाखवत, पोटातून हसला. पोरं बघत राहिली. कुणी मान वळवली नाही.

वस्ताद दोन पावलं पुढं आले आणि त्याच्या तोंडाकडं निरखून बघायला लागले.

"तुझंबी गेलं व्हय रं तिकडचं दात?" ते म्हणाले. "तात्या अगदी असाच हसायचा."

शालूबाईनं खाली पडलेला टॉवेल उचलला, त्याची माती झटकली. तो तिनं नवऱ्याच्या हातात दिला नाही, खांद्यावर टाकला.